बाग, घाट आणि चौक: सार्वजनिक जागेची रचना तुमच्या प्रकृतीशी कशी जोडलेली असते?

"रोज अर्धा तास चाला." मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोप न लागणे, मन उदास राहणे, यांपैकी कोणतीही तक्रार घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात तरी हा सल्ला मिळतोच. पण चालायचे कुठे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. पदपथावर गाड्या उभ्या असतील, बागेत बसायला बाक नसेल आणि घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतील, तर तो सल्ला कागदावरच राहतो.

बाग, चौकातले शिल्प, नदीचा घाट, झाडाभोवतीचा पार यांकडे आपण सुशोभीकरण म्हणून पाहतो. प्रत्यक्षात या जागा कशा बांधल्या आहेत, यावर कोण घराबाहेर पडेल, कोण पडून हाड मोडून घेईल आणि कोणाच्या घरात डेंग्यू शिरेल, हे बऱ्याच अंशी ठरते. आळंदीसारख्या गावात तर हे रोज दिसते. इथे वारकरी येतात, लग्नाची वऱ्हाडे येतात, वारकरी शिक्षणासाठी मुले राहतात आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणारी अनेक कुटुंबे भाड्याने राहतात. या सगळ्यांची मोकळी जागा एकच: नदीकाठ, मंदिराचा परिसर आणि उरलेसुरले रस्ते.

हिरवाईचा प्रकृतीवर खरेच परिणाम होतो का?

होतो, आणि त्याचा अभ्यास झालेला आहे.

रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास लहान होता, फक्त ४६ रुग्णांचा. पण त्यानंतर जगभर या विषयावर काम सुरू झाले.

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत असे दिसले की, आठवड्यात एकूण दोन तास किंवा अधिक वेळ झाडापानांत घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे जास्त प्रमाणात सांगतात. आता यावर कोणी म्हणेल, जे मुळात धडधाकट असतात तेच बागेत जातात. शंका रास्त आहे. म्हणून फिलाडेल्फिया शहरातला प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरतो. तिथे ५४१ पडीक भूखंडांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटात कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, बुटके कुंपण घातले आणि नियमित देखभाल ठेवली. दुसऱ्या गटात फक्त कचरा काढला. तिसरा गट होता तसाच ठेवला. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांजवळच्या लोकांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाले. नुसता कचरा काढल्याने असा ठळक फरक दिसला नाही.

यातला मुद्दा असा की, फार मोठा खर्च लागला नाही. कारंजे, रोषणाई, पुतळा काहीच नव्हते. गवत, झाडे आणि देखभाल एवढेच होते.

चालण्यासाठी जागा कशी असावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. चालणे हा त्यातला सर्वांत स्वस्त प्रकार. पण ज्यांना चालण्याची सर्वाधिक गरज असते, त्यांच्या अडचणी बाग आखणाऱ्याला बहुधा माहीत नसतात.

• बाक: गुडघ्यांची झीज, दमा, हृदयविकार किंवा पायातल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले रुग्ण सलग फार चालू शकत नाहीत. साधारण दर ५० मीटरवर बसायला जागा असेल, तर हीच माणसे थांबत थांबत अर्धा तास चालतात. बाकाची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर असावी आणि त्याला हात टेकायला दांडा असावा. बुटका, पाठ नसलेला गुळगुळीत दगडी कट्टा दिसायला सुंदर असतो. त्यावरून उठताना आजींना मात्र दोघांचा हात लागतो.

• स्वच्छतागृह: हा विषय आरोग्याच्या चर्चेत मागे पडतो. स्वच्छतागृह नाही म्हणून स्त्रिया पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन दवाखान्यात येतात. प्रोस्टेट वाढलेले आजोबा बाहेर पडणेच टाळतात. काही जण तर फिरायला किंवा दर्शनाला जायचे म्हणून रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी घेत नाहीत. ही सवय धोक्याची आहे. गोळीची वेळ बदलता येते, डॉक्टरांना विचारा. गोळी चुकवू नका.

• सावली: फक्त हिरवळ असून भागत नाही. दुपारी चारच्या उन्हात हिरवळीपेक्षा एका वडाची सावली मोलाची. कृत्रिम गवत, रबरी फरशी, लोखंडी घसरगुंडी आणि ओपन जिमची साधने उन्हात इतकी तापतात की लहान मुलांच्या मांड्यांना आणि तळहातांना चटके बसतात. मुलांना बसवण्यापूर्वी आपला हात लावून पाहा.

• उतार: चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंची चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याहून तीव्र उतार हा नावापुरता असतो. त्यावरून खुर्ची मागे घसरते.

आपल्या गावांनी या साऱ्याचे एक उत्तर फार पूर्वी शोधले होते: पार. मोठे झाड, त्याभोवती बसण्याजोगा ओटा, सावली आणि गप्पा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी पारावरचा अर्धा तास हा औषधाइतकाच उपयोगी असतो. फक्त आज पार बांधताना खोडापर्यंत सिमेंट ओतले जाते, तसे होऊ नये. मुळांना पाणी आणि हवा मिळाली नाही की झाड पोकळ होते आणि वादळी पावसात कोसळते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त करण्याचा आदेश दिला होता. तोच नियम आपल्या पाराला लावायला हरकत नाही.

शिल्प आणि भित्तिचित्रे: शोभेपलीकडचा उपयोग

निगडीच्या भक्ती-शक्ती उद्यानात छत्रपती शिवाजी महाराज आणि संत तुकाराम महाराज यांच्या भेटीचे शिल्प आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नवीन आलेला कामगारही पत्ता सांगताना "भक्ती-शक्तीच्या अलीकडे" असे सांगतो. डॉक्टर म्हणून मला या शिल्पाचा हाही उपयोग महत्त्वाचा वाटतो.

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात माणसाला रस्त्यांची नावे, सेक्टरचे क्रमांक आठवत नाहीत. एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींमध्ये तो गोंधळतो. पण एखादे मोठे शिल्प, देवळाचा कळस, वेगळ्या रंगाची भिंत, जुने झाड या खुणा त्याला बराच काळ ओळखता येतात. ज्या वस्तीत अशा ठळक खुणा असतात, तिथे असे आजोबा अधिक दिवस आत्मविश्वासाने बाहेर पडू शकतात. घरात असे कोणी असेल, तर फिरण्याचा मार्ग रोज एकच ठेवा आणि वाटेतल्या खुणा रोज मोठ्याने बोलून दाखवा: "हा पिंपळ, आता ही निळी भिंत, आता आपली गल्ली." खिशात घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मात्र हवीच.

दुसरा उपयोग चालण्याच्या ओढीचा. "तीस मिनिटे चाला" यापेक्षा "त्या शिल्पापर्यंत जाऊन या" हे पाळायला सोपे जाते. प्रदक्षिणा हा तर आपल्या ओळखीचा व्यायाम आहे. मधोमध पाहण्याजोगे काही आणि भोवती सपाट, गोल वाट असेल, तर माणूस एका फेरीऐवजी तीन मारतो. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे. तिथली वळणदार वाट, पाणी आणि दर वळणावर बदलणारे दृश्य यांमुळे किती चाललो हे कळत नाही. यामागे रचनेचा विचार आहे.

घाटाच्या पायऱ्या आणि खुब्याचे हाड

आळंदीच्या घाटावर पहाटेपासून गर्दी असते. ओल्या पायऱ्या, शेवाळ, ओले लुगडे आणि वय सत्तरच्या पुढे, इथे तोल जाणे स्वाभाविक आहे. वयस्कर माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या, खुब्याचे हाड मोडणे ही साधी दुखापत नसते. अंथरुणाला खिळल्यामुळे न्यूमोनिया, शय्याव्रण, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. अनेक जण पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

पायरी साधारण १५ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद असावी, आणि सर्व पायऱ्या सारख्या असाव्यात. एखादीच पायरी वेगळ्या उंचीची असेल तर पाय तिथेच अडखळतो. कडेला धरायला कठडा हवा. मोतीबिंदू असलेल्या माणसाला राखाडी दगडाच्या पायऱ्या एकच सपाट फरशी वाटतात. पायरीच्या काठावर पिवळा किंवा पांढरा पट्टा ओढला, तर हे टळते. एका रंगाच्या डब्यात होणारे हे काम आहे.

पडल्यानंतर एक पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूला वळला असेल आणि त्यावर भार देता येत नसेल, तर चोळू नका, ओढू नका, उठवून चालवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत झालेली चांगली. लेप लावून वाट पाहण्यात हा मोलाचा वेळ जातो.

तापलेली फरशी आणि मधुमेहींचे पाय

देवळाच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात. चैत्र-वैशाखात दगडी फरशी चांगलीच तापते. सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाला काही सेकंदांत त्वचा भाजते. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो किंवा धावत सावली गाठतो. पण अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. त्यांना चटका कळतच नाही. ते शांतपणे रांगेत उभे राहतात आणि संध्याकाळी तळपायावर फोड दिसतात. अशा जखमेत जंतुसंसर्ग झाला तर बोट, कधी पाऊलही काढावे लागते.

यावर रचनेत उपाय आहेत: वाटेवर काथ्याच्या पायघड्या, त्यांवर अधूनमधून पाणी, फरशीवर उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा पट्टा, रांगेवर छप्पर. मधुमेहींनी स्वतः दर्शनाची वेळ सकाळची ठेवावी, चालेल तिथे जाड सुती मोजे घालावेत आणि घरी आल्यावर आरसा धरून तळपाय पाहावेत. भाजले असल्यास वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली पाय धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका, फोड फोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इंद्रायणीचे पाणी

लोणावळ्याकडून निघालेली इंद्रायणी देहू, मोशीवरून आळंदीला येते. वाटेत तिच्यात घरगुती सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते. गेल्या काही वर्षांत आळंदीत नदीवर पांढरा फेस अनेकदा दिसला आहे. फेस येण्याचे मुख्य कारण म्हणजे साबण आणि डिटर्जंटमधली रसायने. ती पाण्यात असतील तर प्रक्रिया न झालेले मैलापाणीही असण्याची शक्यता मोठी. नदीकाठ कितीही सुशोभित केला, दगडी भिंती आणि दिवे लावले, तरी पाणी घाण असेल तर तो काठ आरोग्याचा होत नाही. आधी मैलापाणी शुद्ध करणारी यंत्रणा, मग दिवे, हा क्रम असायला हवा.

श्रद्धा मोडायची गरज नाही. तीर्थ तोंडात न घेता डोक्यावर शिंपडा. पायाला जखम, इसबाचे चट्टे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर पाण्यात उतरू नका. स्नानानंतर नळाच्या स्वच्छ पाण्याने अंग धुवा. लहान मुलांना फेसाशी खेळू देऊ नका. पाण्याशी संबंध आल्यावर तीन आठवड्यांच्या आत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. डॉक्टरांना नदीस्नानाची माहिती आवर्जून सांगा.

कारंजी, कुंड्या आणि डास

चालू कारंजे डासांना फारसे सोयीचे नसते. बंद पडलेले कारंजे मात्र त्यांचे माहेरघर असते. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. शिल्पाच्या चौथऱ्यातले खड्डे, शोभेच्या कुंड्यांखालच्या ताटल्या, टायरमध्ये लावलेली झाडे ही सगळी ठिकाणे तपासावी लागतात. पाणी नुसते ओतून देऊ नका, भांडे घासा. एडिसची अंडी कोरड्या कडांना चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. कायम पाणी राहणार असेल तर गप्पी मासे सोडा.

कारंज्याचे पाणी बदलले जात नसेल, तर त्याच्या तुषारांतून लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू पसरू शकतो. वयस्कर, धूम्रपान करणारे आणि फुप्फुसाचे रुग्ण यांनी गढूळ कारंज्याजवळ बसू नये.

कोणती झाडे लावू नयेत?

• कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर): दुभाजकावर लावायला सोयीची, पण सर्व भाग विषारी आणि थेट हृदयावर परिणाम करणारे. मुलांच्या खेळाच्या जागेजवळ नकोत.
• धोत्रा, एरंड, घाणेरी: आपोआप उगवतात. मुले फळे, बिया तोंडात घालतात.
• गाजरगवत: हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेत आले आणि नंतर देशभर पसरले. त्याने चेहरा, मान आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाज आणि इसब होते. फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे.
• कोनोकार्पस: झटपट वाढणारी हिरवी भिंत म्हणून सोसायट्यांत लावतात. परागकणांच्या त्रासासह अनेक कारणांनी गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

त्याऐवजी वड, पिंपळ, करंज, बहावा, कडुनिंब, कदंब ही आपल्या मातीतली झाडे लावावीत. ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीजवळचा अजानवृक्ष आणि मंदिरातला सुवर्णपिंपळ यांना आळंदीत मान आहे. झाडाला देवळाइतके जपण्याची रीत इथे आधीपासूनच आहे. ती घाटापर्यंत आणि सिद्धबेटापर्यंत नेता येईल.

मुलाने विषारी फळ खाल्ले तर उलटी काढू नका, मिठाचे पाणी पाजू नका. झाडाची फांदी सोबत घेऊन तातडीने रुग्णालयात जा.

तुमच्या जवळची जागा तपासा

पुढच्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीसोबत जवळच्या बागेत, घाटावर किंवा चौकात जा आणि हे प्रश्न विचारा:

१. घरापासून पायी दहा मिनिटांत पोहोचता येते का? रस्ता ओलांडणे सुरक्षित आहे का?
२. दमल्यावर लगेच बाक सापडतो का? तो सावलीत आहे का?
३. स्त्रियांसाठी वापरण्याजोगे, पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का?
४. पायऱ्यांना कठडा आणि काठावर पट्टा आहे का?
५. कुठे पाणी साचले आहे का?
६. संध्याकाळी पुरेसा उजेड असतो का? दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्या कामगाराला ही जागा उघडी मिळते का?

जिथे उत्तर "नाही" येईल, त्याचा फोटो आणि जागेचा पत्ता जोडून नगरपरिषदेकडे किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "बाग सुंदर करा" या मागणीवर काही घडेलच असे नाही. "दक्षिणेकडच्या पायऱ्यांना कठडा बसवा, बंद कारंजे चालू करा किंवा बुजवा" अशी नेमकी मागणी टाळणे अवघड जाते. आपल्या वॉर्डात सुशोभीकरणाचे नवे काम निघाले की आराखडा पाहायला मागा आणि आधी बाक, सावली, स्वच्छतागृह शोधा. शिल्प आणि रोषणाई त्यानंतर पाहा.

तोपर्यंत जी जागा आहे तिथून सुरुवात करा. दहा दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या मारल्या तरी अर्धा तास होतो. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा चक्कर जाणवली, तर थांबा, बसा, मदत मागा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. दडपण काही मिनिटांत गेले नाही, तर १०८ ला फोन करा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे आजार आणि चालू औषधे यांनुसार व्यायाम किती करावा, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.